‘आप’ म्हणायला शिकवणारा माणूस

बँकेच्या नोकरीत तळोद्याच्या परिसरात असताना एक गोष्ट मला उशिरा कळली. आदिवासी खातेदार वयाने कितीही मोठा असो, काउंटरच्या आतून त्याला अरे-तुरेच केले जाई. मीही त्याला अपवाद नव्हतो. एकदा एक बाप आणि त्याचा तरुण मुलगा कर्जाच्या कागदांवरून भांडत होते. आवाज चढले होते, पण दोघेही एकमेकांना ‘आप’ म्हणत होते. चौकशी केली तेव्हा गुलाम महाराजांचे नाव निघाले.

गुलाम महाराज तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे. जातीने भिल्ल. तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेशात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८ साली. १९२२-२३च्या देवीच्या चळवळीने दारूबंदीचा विचार या पट्ट्यात आणला होता आणि ओसरलाही होता. १९३७-३८च्या सुमारास महाराजांनी सोमवारची आरती सुरू केली. रोज आंघोळ करा, दारू-मांस सोडा आणि लहानथोर, बाई-बाप्या सर्वांना ‘आप’ म्हणा, एवढाच उपदेश. पाहता पाहता आरतीला हजारोंची गर्दी होऊ लागली.

दारू सोडणे ही साधी गोष्ट नव्हती. मोहाची धार देवाला लागे, लग्नात लागे, मयतालाही लागे. ती नाकारणारा मुलगा बापाच्या लेखी देव सोडणाराच होता. आरतीला जाणारे आणि न जाणारे, अशी दुही घराघरांत शिरणे अटळ होते. सावकार आणि दारूचे मक्तेदार बाहेरचे. ही भिंत मात्र घरातली.

पण महाराजांची खरी देणगी इथेच दिसते. ज्याला जगाने कधी मान दिला नाही, त्याने तो मान आधी आपल्याच माणसाला द्यायचा. मतभेद राहोत, संबोधन सुटता कामा नये.

१९३८ साली महाराज गेले. काम त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी पुढे नेले. आज निवडणुकीत एकाच अंगणात दोन झेंडे लागतात. ‘आम्ही आदिवासी’ म्हणजे नेमके कोणाच्या बाजूचे, यावरून मामा-भाचे तावातावाने बोलतात. अशा वेळी मला ते दोघे बाप-लेक आठवतात. त्यांचे त्या दिवशी पटले नाही. कागद तसेच घेऊन ते निघाले, पण गेले एकाच सायकलवरून.

दुसऱ्या दिवसापासून मी काउंटरवर ‘तुम्ही’ म्हणू लागलो. ‘आप’ म्हणण्याइतके धैर्य मात्र झाले नाही.