आरेत्सोचे ग्विदो : गाण्याला रेघा देणारे मठवासी

आपल्या गायनवृंदाच्या हातात इंग्रजी गीतांची जी पुस्तके असतात, त्यांत शब्दांच्या डोक्यावर पाच आडव्या रेघा आणि त्यांवर काळे-पांढरे ठिपके छापलेले असतात. वृंदात नव्याने आलेल्या मुलामुलींना या पानाची धास्ती वाटते. सुरांचे पुढे जमून जाते, आधी शब्दच आडवे येतात. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला स्टाफ म्हणजे शाळेतले शिक्षक ठाऊक, फ्लॅट म्हणजे इमारतीतले घर ठाऊक. पण येथे स्टाफ म्हणजे त्या पाच रेघा आणि फ्लॅट म्हणजे अर्ध्या पायरीने उतरलेला सूर. शिवाय क्लेफ, शार्प, स्केल, सोल-फा हे आहेतच. हे सगळे साहेबाचे शास्त्र आहे असे धरून आपण गप्प बसतो. प्रत्यक्षात या शब्दांतल्या कित्येकांचा माग काढत गेले, तर आपण एका इटालियन मठाच्या दारात पोहोचतो. तेथे सुमारे हजार वर्षांपूर्वी ग्विदो नावाचे एक बेनेडिक्टाईन व्रतस्थ राहत होते. त्यांची ओळख आपल्या धर्मग्रामाला असावी, असे आम्हांला फार दिवसांपासून वाटत होते.

ग्विदोंचा जन्म इ. स. ९९०च्या सुमारास झाला. पो नदी जेथे एड्रिॲटिक समुद्राला मिळते, त्या सखल, पाणथळ भागात पोम्पोझा नावाचा मोठा मठ होता. तेथे ते वाढले, शिकले आणि मठातल्या मुलांना गायन शिकवू लागले.

त्या काळच्या मठात गाणे ही हौसेची बाब नव्हती. दिवसातून सात-आठ वेळा मठवासी देवळात जमत आणि स्तोत्रे, प्रतिगीते गात. वर्षभराच्या सणांची आणि संतांच्या स्मृतिदिनांची मिळून शेकडो गीते होती आणि ती सारी तोंडपाठ असावी लागत. एक चांगला गायक तयार व्हायला दहा वर्षे लागत. ग्रंथांत शब्द लिहिलेले असत. त्यांच्यावर बारीक फटकारे आणि वळणेही काढलेली असत. सूर येथे चढतो, येथे उतरतो, इतके त्यांवरून कळे. किती चढतो, हे मात्र कळत नसे. ज्याला चाल आधीच येत होती, त्याला आठवण करून द्यायला त्या खुणा पुरत. ज्याने ती चाल कधी ऐकलीच नाही, त्याला त्यांचा काही उपयोग नव्हता.

हे आपल्याला नीट समजेल. आपल्याकडे जुन्या गाण्यांच्या वह्या घरोघरी असतात. वहीत शब्द असतात, चाल आजीच्या गळ्यात असते. आजी गेली की वही राहते आणि गाणे जाते.

ग्विदोंना दोन गोष्टी सलत होत्या. एक म्हणजे वेळ. ज्या वर्षांत पवित्र शास्त्राचे वाचन व्हावे, मनन व्हावे, ती वर्षे चाली घोकण्यात जात होती, आणि जन्मभर गाऊनही गुरुजींवाचून एक छोटे प्रतिगीत स्वतःच्या बळावर म्हणता येत नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे फाटाफूट. प्रत्येक शिक्षक आपल्या आठवणीप्रमाणे शिकवी, त्यामुळे जितके शिक्षक तितक्या चाली झाल्या होत्या. हे गायन आता संत ग्रेगरींचे राहिले नसून ज्याच्या त्याच्या गुरुजींचे झाले आहे, अशी त्यांची तक्रार होती. गायकांबद्दल त्यांनी फार कडक लिहिले आहे. समजून न घेता नुसते गाणाऱ्याला ते जनावरांच्या पंगतीला बसवतात. हा माणूस स्वभावाने मऊ नसावा, असे ते वाचताना वाटते.

उपाय त्यांनी शोधला तो अगदी साधा. ठिपक्यांना पायऱ्या द्यायच्या. त्यांच्या आधीही कोणी एखादी रेघ ओढून पाहिली होती, पण ग्विदोंनी तिला नियम लावला. एकावर एक रेघा ओढायच्या. सुरांनी रेघेवर आणि दोन रेघांच्या मधल्या जागेत आळीपाळीने बसायचे. मग कोणता सूर कोठे आहे हे डोळ्यांनाच दिसते. यात एक अडचण राहते. सुरांच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. दोन ठिकाणी पायरी अर्धीच असते आणि गायक नेमका तेथेच घसरतो. म्हणून ग्विदोंनी एफ या सुराची रेघ लाल केली आणि सी या सुराची पिवळी. या दोन्ही सुरांच्या लगेच खाली ती अर्धी पायरी आहे. रंग दिसला की गाणाऱ्याने सावध व्हायचे. रेघेच्या सुरुवातीला त्या सुराचे अक्षरही लिहीत. त्या अक्षराला पुढे लॅटिनमधील किल्ली या अर्थाच्या शब्दावरून नाव पडले आणि तेच फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन क्लेफ झाले. लिहिणाऱ्यांच्या हातून शतकानुशतके घासून त्या अक्षरांचे आजचे वेलबुट्टीदार आकार तयार झाले. मुलांना जे फुगलेले, वळसे घेतलेले चिन्ह पियानोच्या पुस्तकात सर्वांत आधी दिसते, ते मुळात जी हे अक्षर आहे. एफच्या चिन्हाशेजारचे दोन ठिपके म्हणजे एफच्या दोन आडव्या हातांचे अवशेष.

मिकाएल नावाच्या एका बंधूच्या साथीने ग्विदोंनी या पद्धतीने गीतांचा एक ग्रंथ लिहून काढला. मुले भराभर शिकू लागली. कधी न ऐकलेले गीत ती पाहून म्हणू लागली. मठात आनंद व्हायला हवा होता, झाले उलटे. पोम्पोझाच्या मठवासी बांधवांना ते सहन झाले नाही. ज्यांनी दहा-दहा वर्षे खर्चून चाली पाठ केल्या होत्या, त्यांची किंमत एका रेघेने कमी केली होती. आपल्यालाही हा अनुभव नवा नसावा. ज्याच्याजवळ ज्ञानाची किल्ली आहे, त्याला तिच्या प्रती निघालेल्या आवडत नाहीत, मग ती कचेरी असो की मंडळ.

ग्विदोंना मठ सोडावा लागला. पुढे मिकाएलला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एका कारागिराची जुनी गोष्ट सांगितली आहे. त्याने न फुटणारी काच तयार करून रोमच्या सम्राटाला दाखवली. अशी काच घरोघर झाली तर सोन्याला कोण विचारील, या विचाराने बक्षिसाऐवजी त्याला मरण मिळाले. ग्विदोंना आपली गत तशीच वाटत होती. दोघेही बंधू देशोधडीला लागले होते.

सुमारे १०२५ साली ते तोस्कानातील आरेत्सो या गावी आले. तेथील बिशप तेओदाल्द यांनी त्यांना आसरा दिला आणि कथीड्रलमधील गायकांना शिकवण्याचे काम सोपवले. ज्या गावाचे नाव त्यांना कायमचे चिकटले, ते असे आसऱ्याचे गाव आहे. बिशप महोदयांच्या आग्रहावरून त्यांनी मिक्रोलोगस हे वीस प्रकरणांचे छोटे पुस्तक लिहिले. मध्ययुगात संगीतावरील जी पुस्तके सर्वाधिक वेळा हाताने उतरवली गेली, त्यांत याची गणना होते.

यापुढचा शोध आम्हांला सर्वांत जास्त आवडतो. सूर कागदावर दिसू लागला, पण तो गळ्यात कसा उतरवायचा? ग्विदोंनी संत योहान बाप्तिस्ताचे एक लॅटिन स्तोत्र घेतले. ते आठव्या शतकातील मठवासी पाउल द डीकन यांचे मानले जाते. पास्काच्या रात्री मेणबत्तीच्या आशीर्वादाच्या वेळी पाउल यांचा आवाज बसला, तेव्हा त्यांनी हे रचले अशी एक आख्यायिका आहे. योहानाचे वडील जखऱ्या यांची वाचा गेली होती आणि पुत्राच्या जन्मानंतर ती परत आली, हे आपण शुभवर्तमानात ऐकतोच. आपल्या ओठांवरचा दोष दूर व्हावा म्हणजे तुझ्या सेवकांना मोकळ्या गळ्याने गाता येईल, असे मागणे त्या स्तोत्रात संताकडे केलेले आहे. त्याच्या चालीत प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्यापेक्षा एक पायरी वर सुरू होतो. त्या सहा तुकड्यांची पहिली अक्षरे ग्विदोंनी उचलली : उत्, रे, मी, फा, सोल, ला. अर्धी पायरी नेहमी मी आणि फा यांच्यामध्ये. हे स्तोत्र ज्या मुलाला पाठ आहे, त्याला सहाही सूर मनात हवे तेव्हा सापडतात. अनोळखी गीताचा सूर त्याने स्तोत्राच्या त्या तुकड्याशी ताडून पाहायचा. मुलांनी तीन दिवसांच्या आत न ऐकलेली गीते म्हणून दाखवली, असे ग्विदो लिहितात. दहा वर्षांचे शिक्षण एक-दोन वर्षांवर आले.

ही बातमी रोमला पोहोचली. पोप जॉन एकोणिसावे यांनी ग्विदोंना बोलावून घेतले. हे साल साधारण १०२८ असावे. या पोप महोदयांविषयी इतिहास फारसे बरे बोलत नाही; ते मोठ्या सरदार घराण्यातले आणि धर्मपदावर आले ते घराण्याच्या जोरावर. तरी त्या दिवशी त्यांनी जे केले, त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. त्यांनी ग्विदोंचा ग्रंथ हातात घेतला, पाने उलटली, नियम विचारले आणि कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः म्हणता येईपर्यंत जागचे हलले नाहीत. जे इतरांविषयी ऐकून खरे वाटत नव्हते, ते त्यांनी स्वतःवरच करून पाहिले. पोम्पोझातून घालवलेल्या मठवाशाला याहून मोठी पावती कोणती मिळणार?

रोमचा उन्हाळा आणि तिथली दलदल ग्विदोंना मानवली नाही. ते तापाने आजारी पडले आणि हिवाळ्यात परत येऊन धर्मगुरूंना शिकवीन असे कबूल करून निघाले. त्याच सुमारास त्यांची पोम्पोझाच्या मठाधिपतींशी भेट झाली. त्यांचेही नाव ग्विदोच. आज ख्रिस्तसभा त्यांना संत म्हणून ओळखते, त्यामुळे वाचकांनी दोघांची गल्लत करू नये. मठाधिपतींनी ग्रंथ पाहिला आणि आपल्याच मठात आपण या माणसाच्या विरोधकांची बाजू घेतली याचा त्यांना पश्चात्ताप झाला. त्यांनी क्षमा मागितली आणि परत मठात या अशी विनंती केली. पैसे मोजून बिशपपद मिळवण्याचा रोग त्या काळी शहरोशहरी पसरला होता, तेव्हा मठवाशाने मठातच राहिलेले बरे, असेही ते म्हणाले. इतक्या मोठ्या पदावरचा आणि पुढे संत ठरलेला माणूस हाताखालच्या माणसापुढे आपली चूक मान्य करतो, हा प्रसंग आम्हांला रोमच्या प्रसंगाहूनही मोठा वाटतो. या विनवणीने ग्विदो विरघळले. हे सर्व त्यांनी मिकाएलला लिहून कळवले, म्हणून ते आपल्याला माहीत आहे.

१०३३ नंतर ग्विदोंचा मागमूस लागत नाही. त्यांच्या रेघा मात्र मठामठांतून पसरत गेल्या. चाराच्या पाच झाल्या. ग्रेगोरियन गायनाच्या पुस्तकांत आजही चारच असतात. ग्विदोंच्या लेखनात सूर किती वेळ धरायचा हे ठरलेले नव्हते. ती सोय तेराव्या शतकात झाली. त्यांच्या नावाने एक हातही प्रसिद्ध झाला. डाव्या हाताच्या पेरापेरांवर सुरांची नावे ठेवायची आणि गुरुजींनी बोटाने पेर दाखवले की मुलांनी तो सूर लावायचा. हा हात त्यांच्या उपलब्ध लिखाणात नाही, पण शतकानुशतके मुले त्यावर शिकली. पेरांवर जप मोजणाऱ्या आपल्या लोकांना ही युक्ती परकी वाटू नये. त्या मालिकेतील सर्वांत खालच्या सुराला गामा-उत् म्हणत. त्याचे इंग्रजीत गॅमट झाले आणि आता कोणत्याही गोष्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या विस्ताराला इंग्रजीत तोच शब्द वापरतात.

बाकीच्या शब्दांचेही सांगून टाकतो. स्केल म्हणजे लॅटिनमधली शिडी. स्टाफ हा अस्सल इंग्रजी शब्द, अर्थ काठी. बी हा सूर पूर्वी दोन प्रकारे गात. कोमल बी गोल काढीत आणि दुसरा चौकोनी. गोल बी म्हणजेच आजचे फ्लॅटचे चिन्ह. चौकोनी बीपासून शार्पचे चिन्ह निघाले. सातव्या सुराला ग्विदोंच्या यादीत अक्षर नव्हते. पुढे त्याच स्तोत्राच्या शेवटी येणाऱ्या संत योहानाच्या नावाच्या आद्याक्षरांतून सी आला. उत् गायला अवघड म्हणून सतराव्या शतकात त्याचा डो झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेने सीचा टी केला आणि जॉन कर्वेन या प्रॉटेस्टंट पाळकांनी ती टॉनिक सोल-फा पद्धत घराघरांत नेली.

आपल्या सा रे ग म वरूनच त्यांनी हे घेतले का, असे कोणी विचारते. दोन्हीकडे रे आहे, एवढ्याने तसे ठरत नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आपले सात स्वर ग्विदोंच्या कितीतरी आधी आलेले आहेत आणि ग्विदोंनी आपली अक्षरे कोठून घेतली हे ते स्वतःच सांगतात.

ग्विदोंची पद्धत आपल्या किनाऱ्यावर आली ती पोर्तुगीजांच्या काळात. गोव्यात धर्मग्रामांच्या शाळांतून मेस्त्री मुलांना हे सोल-फा आणि व्हायोलिन शिकवीत. तेथे तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांतलेच. त्यांचे नाव त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली एका गाण्यातून भारतभर पोहोचवले. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून घ्यायला असे वाचता-लिहिता येणारे लोक लागत, आणि त्या कामावर गोव्यातल्या कित्येक घरांची चूल पेटली.

आरेत्सो शहराने १८८२ साली ग्विदोंचा पुतळा उभारला. ज्या स्तोत्रातून त्यांनी सूर वेचले, ते आजही २४ जूनला, संत योहान बाप्तिस्ताच्या जन्माच्या सणाला, ख्रिस्तसभेच्या सायंप्रार्थनेत लॅटिनमधून म्हटले जाते.