एडवर्ड थॉर्नडाइक : मांजराच्या पेटीपासून प्रौढांच्या वर्गापर्यंत

शिकणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मानसशास्त्राचा मानला जातो. परंतु भाषेच्या विद्यार्थ्यालाही तो टाळता येत नाही, कारण भाषा ही प्रत्येकाला शिकावीच लागते. हा प्रश्न तत्त्वचर्चेतून बाहेर काढून मोजमापाच्या कक्षेत आणणाऱ्या पहिल्या अभ्यासकांमध्ये एडवर्ड ली थॉर्नडाइक यांचे नाव घ्यावे लागते. आपण प्रौढ वयात, नोकरी-शेती सांभाळून पदवीचा अभ्यास करीत आहात. त्यामुळे या माणसाच्या कार्याचा उत्तरार्ध आपल्याला विशेष जवळचा वाटेल.

थॉर्नडाइक यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्सबर्ग येथे झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांच्या बदल्यांमुळे कुटुंबाचे बिऱ्हाड सतत हलत असे. १८९५ मध्ये वेस्लियन विद्यापीठातून पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि विल्यम जेम्स यांचे विद्यार्थी झाले. त्यांना प्रथम लहान मुलांवर प्रयोग करायचे होते, परंतु परवानगी मिळाली नाही. तेव्हा ते कोंबडीच्या पिल्लांकडे वळले. पुस्तके उभी करून त्यांनी पिल्लांसाठी चक्रव्यूह रचले. घरमालकिणीला खोलीतील हा पक्षिसंसार रुचला नाही. अखेर जेम्स यांनीच आपल्या घराच्या तळघरात पिल्लांना आसरा दिला.

१८९७ मध्ये शिष्यवृत्ती मिळाल्यावर थॉर्नडाइक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जेम्स कॅटेल यांच्याकडे दाखल झाले. जाताना सर्वांत ‘शिकलेली’ दोन कोंबडीची पिल्ले त्यांनी टोपलीतून बरोबर नेली. तेथे फळाभाजीच्या लाकडी खोक्यांपासून त्यांनी कूटपेट्या तयार केल्या. उपाशी मांजर आत कोंडायचे, बाहेर मासळी ठेवायची आणि ते किती वेळात बाहेर येते याची नोंद करायची, अशी ही रीत होती. एखाद्या पेटीचे दार दोरीचे कडे ओढल्यावर उघडे, तर एखाद्या पेटीत लाकडी खिट्टी फिरवावी लागे. मांजर प्रथम फटीतून अंग बाहेर काढू पाहे, गज चावे, पंजे मारी. या धडपडीत केव्हातरी योगायोगाने कड्यावर पंजा पडे आणि दार उघडे. तेच मांजर पुन्हा पुन्हा कोंडल्यावर निरर्थक हालचाली हळूहळू गळून पडत आणि सुटकेचा वेळ कमी होत जाई.

येथे ‘हळूहळू’ हा शब्द कळीचा आहे. मांजराला युक्ती उमगली असती, तर त्या क्षणानंतर वेळ एकदम खाली यायला हवा होता. थॉर्नडाइक यांच्या आलेखात तसे बहुधा आढळत नाही. रेषा वरखाली होत, अडखळत उतरते. त्यावरून त्यांनी अनुमान काढले, की मांजर तर्क करीत नाही. यशस्वी कृती आणि परिस्थिती यांचा संबंध तेवढा क्रमाने दृढ होत जातो. यालाच पुढे प्रयत्न-प्रमाद पद्धतीचे अध्ययन म्हटले गेले. एका पेटीत तर त्यांनी मांजराने अंग चाटले की दार उघडायचे ठरवले. चाटण्याचा आणि दाराचा काहीही संबंध नसताना मांजर तेही शिकले. मात्र पुढे पुढे ते चाटणे नावापुरतेच उरले. दुसऱ्या मांजराला बाहेर पडताना पाहून किंवा पंजा धरून कृती करवून घेतल्याने शिकण्यास मदत होते, असेही त्यांना दिसले नाही.

१८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाचे खरे लक्ष्य मांजर नव्हते, तर पुराव्याची पद्धत होती. त्या काळी प्राण्यांच्या बुद्धीविषयीचे लेखन ऐकीव गोष्टींवर आधारलेले असे. लोणखेड्याच्या पारावर बसल्यास आपणही अशी गोष्ट ऐकाल : अमक्याचा बैल रात्री रिकामी गाडी घेऊन एकटा घरी आला. वाट चुकून दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या बैलाची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. थॉर्नडाइक यांचा आक्षेप नेमका हाच होता. अर्थात त्यांच्यावरही टीका झाली. वेस्ली मिल्स यांनी विचारले, की कोंडलेल्या, घाबरलेल्या, भुकेल्या प्राण्याकडून बुद्धीची अपेक्षा कशी करावी? हा प्रश्न आजही पूर्णपणे निकाली निघालेला नाही, असे मला वाटते.

थॉर्नडाइक १८९९ मध्ये कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमध्ये रुजू झाले आणि १९४० मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. समाधान देणारी कृती पक्की होते आणि त्रास देणारी क्षीण होते, हा त्यांचा परिणामाचा नियम. त्याच्या जोडीला सराव व सिद्धता यांचे नियम आले. अभिसंधानावर संशोधन करणारे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी थॉर्नडाइक या वाटेने आपल्या आधी गेले होते, हे मोकळेपणाने मान्य केले. स्किनर यांच्या कार्याचा पायाही येथेच आहे.

१९१३-१४ मध्ये त्यांचा शैक्षणिक मानसशास्त्रावरील त्रिखंडात्मक ग्रंथ आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा याच विद्यापीठात शिकत होते. बाबासाहेबांनी तेथे जॉन ड्यूई यांचा विचार जवळ केला. थॉर्नडाइक मात्र बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असते असे मानत आणि सुप्रजननवादाचा पुरस्कार करीत. माणसाची मर्यादा जन्मानेच ठरते, ही कल्पना आपल्या समाजाला नवी नाही, आणि शास्त्राची भाषा लाभली म्हणून ती निर्दोष ठरत नाही. याच विचारांमुळे २०२० मध्ये टीचर्स कॉलेजने आपल्या इमारतीचे थॉर्नडाइक हे नाव काढून टाकले.

भाषेच्या अभ्यासकाला त्यांची १९२१ ची शब्दसूची महत्त्वाची वाटते. चाळीसहून अधिक स्रोतांतील लक्षावधी शब्द मोजून त्यांनी शिक्षकांसाठी वारंवारतेनुसार १०,००० शब्द निवडले. काम मोलाचे आहे, पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. अशी सूची छापील भाषा मोजते. आपल्या शहादा परिसरातील मूल घरी भिली, अहिराणी किंवा गुजरी बोलते. त्याला कोणता शब्द परिचित आहे, हे केवळ प्रमाण मराठीतील पुस्तके मोजून कळणार नाही.

१९२८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रौढांच्या अध्ययनावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. भाजलेल्या मडक्याला नवा आकार देता येत नाही, तसे वय झाल्यावर शिकता येत नाही, ही समजूत तेव्हा सार्वत्रिक होती. पंचविशीनंतर माणूस आपल्या व्यवसायाबाहेरच्या नव्या कल्पना सहसा आत्मसात करीत नाही, असे खुद्द विल्यम जेम्स यांचे मत होते. ज्यांच्या तळघरात पिल्ले वाढली, त्या गुरूंचे मत शिष्याने तपासायला घेतले. प्रौढांना एस्परांतो ही कृत्रिम भाषा शिकवली, नेहमीचा नसलेल्या हाताने लिहायला लावले. शिकण्याचा वेग विशी-पंचविशीत सर्वाधिक असतो. पुढे पंचेचाळिशीपर्यंत तो वर्षाला जेमतेम एक टक्का घटतो, असे दिसले. पंचेचाळिशीच्या आतील कोणी वयाच्या सबबीवर शिकणे सोडू नये, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांचे सहकारी अर्विंग लॉर्ज यांनी पुढे दाखवले, की वेळेचे बंधन काढले तर ही घटही बरीचशी नाहीशी होते. वयाबरोबर मंदावतो तो वेग.

१९२९ मध्ये न्यू हेवनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत थॉर्नडाइक यांनी स्वतःचेच नियम चुकल्याचे जाहीर केले. डोळे बांधून ठरावीक लांबीची रेषा पुन्हा पुन्हा काढल्याने, बरोबर की चूक हे सांगितले नाही तर, काहीच सुधारणा होत नाही. म्हणजे निव्वळ सराव पुरेसा नाही. तसेच परक्या शब्दाचा अर्थ निवडताना ‘बरोबर’ असे ऐकल्याने उत्तर पक्के होते, परंतु ‘चूक’ म्हटल्याने ते तितके पुसले जात नाही. तीस वर्षे नावावर असलेल्या सिद्धान्ताचा अर्धा भाग त्यांनी असा स्वतःच्या हाताने काढून टाकला. छडीवर विश्वासणाऱ्या शाळांपर्यंत ही वार्ता पोहोचायला मात्र फार वेळ लागला.

निवृत्तीनंतरही मोजणी सुरूच होती. १९४४ मध्ये लॉर्ज यांच्यासह केलेली ३०,००० शब्दांची सूची प्रसिद्ध झाली. ९ ऑगस्ट १९४९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील माँट्रोज येथे थॉर्नडाइक यांचे निधन झाले.