न आलेल्या उत्तरांचा हिशेब

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना डॉक्टर व्हायचे होते. १८९७ मध्ये लंडनला जन्मलेले हिल पहिल्या महायुद्धात वैमानिक झाले, पण तिथे क्षयाने गाठले. जवळपास दोन वर्षे अंथरुणात गेली आणि वैद्यकीय शिक्षण राहूनच गेले. आजारपणात टपालाने अभ्यास करून त्यांनी अर्थशास्त्राची पदवी मिळवली आणि पुढे ते वैद्यकीय संख्याशास्त्राकडे वळले.

सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी व रिचर्ड डॉल यांनी १९५० मध्ये रुग्णालयातील रुग्णांवरून दाखवला. अनेकांना तो पटला नाही. म्हणून ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील ५९,६०० डॉक्टरांना टपालाने प्रश्नावली पाठवली. डॉक्टरांची नोंद सरकारदरबारी असते, त्यामुळे पुढे कोण कशाने दगावले हे कळणे सोपे होते.

खरी अडचण उत्तरे मिळवण्याची होती. व्यग्र माणूस लांबलचक कागद बाजूला ठेवतो, हे ओळखून हिल यांनी मोजकेच, सोपे प्रश्न विचारले: वय काय, सिगारेट ओढता का, किती, सोडली असल्यास केव्हा. सुमारे दोन तृतीयांश डॉक्टरांनी उत्तरे पाठवली.

मग उरलेल्यांचे काय? पहिल्या काही महिन्यांत उत्तर देणाऱ्यांमधील मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी दिसले. कारण साधे होते. जे आधीच गंभीर आजारी होते, त्यांनी प्रश्नावली भरलीच नव्हती. हिल आणि डॉल यांनी ही त्रुटी लपवली नाही, अहवालात मांडली. काळ जाईल तसा तिचा परिणाम ओसरत गेला. पुढच्या फेऱ्यांत स्मरणपत्रे पाठवून त्यांनी हयात डॉक्टरांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांची उत्तरे मिळवली.

१९५४ च्या पहिल्या अहवालात पस्तिशीपुढील पुरुष डॉक्टरांचे ७८९ मृत्यू नोंदले होते. त्यांतले ३६ फुफ्फुसाच्या कर्करोगाचे होते, आणि त्या ३६ जणांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता. सिगारेटचे प्रमाण वाढले तसा धोकाही वाढलेला दिसला.

हिल १९९१ मध्ये वारले. डॉक्टर होण्याचे त्यांचे स्वप्न अपुरे राहिले, पण डॉक्टरांच्या पिढ्यांना त्यांनी पुरावा तपासायला शिकवले. सर्वेक्षणाचा आकडा वाचताना किती जणांनी उत्तर दिले, एवढेच पाहून थांबू नये. कोणी दिले नाही आणि का, हेही विचारावे. आणि आरोग्य सर्वेक्षणाचा कागद आपल्या हाती आला, तर तो भरून द्यावा. आपले मौनही निष्कर्ष बिघडवू शकते.