आवाज गेला, सूर नाही

गॅदरिंगच्या बँडची प्रॅक्टिस सुरू झाली की सगळ्यांचं लक्ष लीड गिटारकडे. मागे उभं राहून बेस वाजवणाऱ्याचं नावही कुणी विचारत नाही. म्हणून मित्रांनो, आज मुद्दाम एका बेसवाल्याबद्दल लिहितोय. त्याचं नाव चार्ली हेडन.

चार्लीचा जन्म १९३७ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, शेनँडोआ या छोट्या गावात झाला. घरात सगळेच गाणारे. हेडन कुटुंब रेडिओवर लोकगीतं आणि कंट्री गाणी गायचं. चार्ली तर दोन वर्षांचा व्हायच्या आतच त्यांच्यात गाऊ लागला! पण पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याला पोलिओ झाला. पोलिओ म्हटलं की आपल्याला पाय आठवतात. त्याच्या मात्र घशावर आणि चेहऱ्यावर परिणाम झाला. गाणं संपलं. एक केटी लागली तर आपण महिनाभर तोंड पाडून बसतो. चार्लीने मोठ्या भावाचा डबल बेस उचलला.

पुढे तो लॉस एंजेलिसला गेला आणि ऑर्नेट कोलमनच्या बँडमध्ये शिरला. या बँडमध्ये पियानो नव्हता आणि सोलोच्या वेळी ठरलेले कॉर्ड्सही नव्हते. म्हणजे समोरच्याचं ऐकायचं आणि त्याच क्षणी साथ द्यायची. लहानपणी घरच्यांच्या आवाजात आवाज मिसळून तयार झालेला कान इथे कामी आला. १९५९ साली रेकॉर्ड झालेल्या 'रॅम्बलिन' मधल्या सोलोत तर त्याने चक्क एका जुन्या लोकगीताची चाल वाजवली. त्याच सोलोवरून इयन ड्युरीने १९७७ मध्ये एक गाजलेलं रॉक गाणं बांधलं.

मधल्या काळात ड्रग्जच्या व्यसनाशीही त्याला झगडावं लागलं. १९६९ साली त्याने 'लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा' काढला आणि त्यात स्पेनच्या यादवी युद्धातली लोकांची गाणी घेतली. १९७१ मध्ये पोर्तुगालमध्ये, म्हणजे तिथे हुकूमशाही असताना, त्याने स्टेजवरून आपली एक रचना अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्यलढ्याला अर्पण केली. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी पकडलं! हे तिन्ही देश तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यात होते.

२००८ साली त्याने 'रॅम्बलिंग बॉय' हा अल्बम काढला. घरचीच जुनी गाणी, आणि गायला त्याची स्वतःची मुलं. शेवटी 'शेनँडोआ' हे गाणं मात्र तो स्वतः गायला, पोलिओने बिघडवलेल्या त्याच आवाजात. २०१४ मध्ये तो गेला.

हे गाणं एकदा रात्री हेडफोन लावून ऐकाच. आवाज थोडा कापतो, पण सूर सुटत नाही.