बधिरतेची किंमत

नाकाच्या कडेला किंवा डोळ्याखाली झालेली त्वचेच्या कर्करोगाची लहान गाठ काढताना आज रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करण्याची गरज सहसा पडत नाही. डोळ्याच्या खोबणीखालील हाडाच्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूजवळ औषध टोचले, की खालची पापणी, नाकाची बाजू आणि वरचा ओठ बधिर होतो. रुग्ण जागा राहतो, शल्यविशारदाशी बोलूही शकतो. या तंत्राचा पाया घालणाऱ्या डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड यांना मात्र त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागली.

२३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधील सधन घराण्यात त्यांचा जन्म झाला. येलमध्ये असताना त्यांचे लक्ष पुस्तकांपेक्षा फुटबॉलच्या मैदानाकडेच अधिक होते. वैद्यकाने मात्र त्यांना पुरते झपाटले. व्हिएन्नासह युरोपातील रुग्णालयांत शिकून ते १८८० मध्ये परतले आणि न्यूयॉर्कमधील धडाडीचे शल्यविशारद म्हणून नावारूपाला आले. १८८२ मध्ये तर त्यांनी स्वतःच्या आईच्या पित्ताशयातील खडे घरातील स्वयंपाकघराच्या टेबलावर काढले!

सप्टेंबर १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांचा शोध हायडेलबर्गच्या परिषदेत जाहीर झाला. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी पुढचे पाऊल टाकले. औषध केवळ वरून न लावता थेट मज्जातंतूजवळ टोचले, तर त्याच्या अखत्यारीतील सारा भाग बधिर होईल, हा तो विचार. चेहऱ्याचे आणि जबड्याचे मज्जातंतू त्यांनी असे बधिर करून पाहिले. प्रयोगासाठी माणसे शोधावी लागली नाहीत. त्यांनी सुया स्वतःलाच टोचून घेतल्या. कोकेनचे व्यसन जडते, याची पुरेशी जाणीव तेव्हा वैद्यकविश्वाला नव्हती.

वर्षभरात हॉल्स्टेड त्याच्या पूर्ण आहारी गेले. सप्टेंबर १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील वाक्यांना धड अर्थ लागत नाही. रुग्णालयात उपचार झाले, पण त्यातून कोकेनची जागा मॉर्फिनने घेतली. न्यूयॉर्कमधील कारकीर्द संपली.

मित्र विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला नेले. तेथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दिसलेले हॉल्स्टेड जणू निराळेच होते: अबोल, संथ, कमालीचे काटेकोर. झटपट शस्त्रक्रियेची जुनी मिरासदारी त्यांनी मोडीत काढली. ऊती हळुवार हाताळणे, रक्तस्राव थेंबाथेंबाने रोखणे ही त्यांची शिस्त. जंतुनाशकाने परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात सोलवटू लागले, म्हणून त्यांनी रबरी हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. स्तनाच्या कर्करोगावरील त्यांची व्यापक शस्त्रक्रिया पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली, नंतर ती अतिरेकी ठरली.

कोकेनऐवजी तुलनेने सुरक्षित प्रोकेन विसाव्या शतकाच्या आरंभी आले, लिडोकेन १९४३ मध्ये. तोवर हॉल्स्टेड हयात नव्हते. एप्रिल १९२२ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने बधिरीकरणाच्या शोधाबद्दल त्यांचा सुवर्णपदकाने गौरव केला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला, पित्तनलिकेवरील शस्त्रक्रियेनंतर, त्यांचे निधन झाले. ते व्यसनातून पूर्ण मुक्त झाले होते, असाच सर्वांचा समज होता. सहकारी विल्यम ऑस्लर यांची गोपनीय टिपणे १९६९ मध्ये उघड झाली, तेव्हा बाल्टिमोरच्या वर्षांतही मॉर्फिन सुटले नव्हते, हे जगाला कळले.