घटक ७ : पंडिता रमाबाई – श्रद्धा आणि स्वतःचे वाचन

७.१ प्रास्ताविक

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून मुरूडकडे जाऊ लागलात की वाटेत कोर्लई हे गाव लागते. चौल-रेवदंड्याचा हा परिसर १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीजपासून घडलेली आणि मराठीच्या सहवासात वाढलेली ‘नौ लिंग’ ही बोली बोलतात. चर्चमधील उपासना मात्र मराठीत चालते. घरची भाषा एक आणि उपासनेची दुसरी, असे हे चित्र पाहिले की भाषेच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. धर्म स्वीकारताना माणूस नेमके काय स्वीकारतो? ग्रंथातील शब्द, अधिकारी व्यक्तींनी लावलेला त्या शब्दांचा अर्थ, की जगण्याची एक रीत?

एकोणिसाव्या शतकातील एका मराठी स्त्रीने हा प्रश्न स्वतःच्या आयुष्यात सोडवण्याचा प्रयत्न केला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे नाव तुम्ही समाजसुधारणेच्या इतिहासात वाचले असेल. या घटकात आपण त्यांच्याकडे ग्रंथाच्या वाचक म्हणून पाहणार आहोत.

७.२ शब्दावर विसंबलेले बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आजच्या कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले होते, आणि रमाबाईंना संस्कृतचे धडे आईकडून मिळाले. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराण सांगत देशभर हिंडू लागले. जवळचे द्रव्य दानधर्मात व व्रतांत संपले. व्रते, दाने आणि तीर्थस्नाने यांचे ग्रंथांनी सांगितलेले फळ मिळणारच, असा या कुटुंबाचा दृढ विश्वास होता. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास मागे उरले.

या काळातील एक आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. हिमालयातील एका तलावात सात पर्वत तरंगतात आणि निष्पाप यात्रेकरूकडे ते आपणहून येतात, असे भाविकांना सांगितले जाई. श्रीनिवास पहाटे पाण्यात उतरला. त्याला दिसले ते असे : तराफ्यांवर माती घालून झाडे लावली होती आणि मागून माणसे ते तराफे ढकलत होती. ही आठवण लक्षात ठेवा. ग्रंथात लिहिलेले आणि डोळ्यांना दिसणारे यांत अंतर पडले की काय करायचे, हा रमाबाईंच्या आयुष्यातील प्रश्न येथून सुरू होतो.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. धर्मशास्त्रे स्वतः वाचल्यावर त्यांना आढळले की ग्रंथांचे बहुतेक बाबतींत एकमत नाही. स्त्रिया आणि शूद्र यांना हीन लेखण्याच्या बाबतीत मात्र ते आहे. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबिहारी निवर्तले. पतीच्या ग्रंथसंग्रहातच त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत प्रथम सापडली होती.

७.३ दीक्षा आणि वाद

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. पुण्यात त्यांचा परिचय वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या जोगिणींशी झाला. पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचाही त्यांच्या विचारांवर परिणाम झाला. १८८३ मध्ये त्या वैद्यकाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. परंतु कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत राहिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

भगिनीसंघाला वाटले की आता वाटचाल सरळ होईल. तसे घडले नाही. रमाबाईंनी ख्रिस्ताची शिकवण, सेवेचे जीवन आणि पतितांविषयीची करुणा मनापासून स्वीकारली होती. वाँटेजच्या भगिनी पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांना आश्रय देत असत. ते काम पाहूनच त्यांचे मन ख्रिस्ती धर्माकडे विशेष ओढले गेले होते. परंतु ईश्वराचे त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चमत्कार आणि अथानेशियसचा मतांगिकार या गोष्टी केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले असताना दुसरे जू चढवून घेण्याचे कारण काय, असा त्यांचा सवाल होता. धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द ईश्वराचा शब्द मानणे त्यांना शक्य नव्हते. बायबल वाचावे, त्यावर विचार करावा आणि सद्सद्विवेकाला पटेल ते आचरावे, अशी त्यांची भूमिका होती.

येथे एक संदर्भ लक्षात घ्यावा. हा वाद एकट्या रमाबाईंचा नव्हता. इंग्लंडमध्येही बायबलच्या अक्षरशः सत्यतेविषयी वाद चालू होता. नाताळचे बिशप कोलेन्सो यांनी १८६२ पासून जुन्या करारातील आरंभीच्या ग्रंथांच्या ऐतिहासिक सत्यतेविषयी शंका मांडल्या आणि त्यावरून मोठा गहजब झाला. मात्र बिशपाने शंका घेणे वेगळे आणि वसाहतीतून आलेल्या, नुकत्याच दीक्षा घेतलेल्या विधवेने शंका घेणे वेगळे. तिच्या प्रश्नांना गर्व आणि हट्ट अशी नावे मिळाली. अंडे घातलेले पक्वान्नही न खाणारा त्यांचा शाकाहार जातीच्या अभिमानाचा अवशेष ठरला.

क्रूसावर कोरलेल्या लॅटिन शब्दांविषयीचा त्यांचा आक्षेप भाषेच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावा. लॅटिन पवित्र आणि संस्कृत अपवित्र, असे कोणत्या आधाराने म्हणता येते, असे त्यांनी विचारले. ख्रिस्ती होणे म्हणजे परकी भाषा आणि परके आचार अंगीकारणे नव्हे, हे त्यांना सांगायचे होते.

या वादात त्यांनी पुष्कळ काही पणाला लावले होते. राहण्याची सोय, शिक्षणाचा खर्च आणि लहान मनोरमेचा सांभाळ हे सारे त्याच संघाच्या आधारावर चालले होते. तरीही मुलीला आपल्याला न पटणारी मते शिकवू नयेत, असे त्यांनी कळवले. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. बील यांनी मात्र शंका हा गुन्हा न मानता विचाराचा भाग मानला. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला.

७.४ दोन्हीकडून परके

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे मिळालेल्या साहाय्याच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. विधवांच्या या शाळेत धर्माचा आग्रह नसावा, असे ठरले होते. पुढे सदन पुण्यास आले. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली स्वेच्छेने बसू लागल्या, तेव्हा वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. मिशनऱ्यांच्या दृष्टीने त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या आणि पुण्याच्या दृष्टीने त्या फारच ख्रिस्ती होत्या.

याच सुमारास त्यांच्या श्रद्धेने नवे वळण घेतले. ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १८९१ नंतर ख्रिस्ताविषयीची त्यांची भक्ती अधिक उत्कट झाली आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या काळात त्या बायबलला ईश्वराचा शब्द मानू लागल्या. तरुणपणीच्या अनेक शंका त्यांनी मागे टाकल्या. मग त्या वादाचे मोल काय उरले?

त्याचे उत्तर त्यांच्या अखेरच्या कार्यात सापडते. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे आणि त्यातील शब्द जुन्या धर्मकल्पनांचे अर्थ सोबत आणतात, असे त्यांना वाटत होते. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सामान्य बायकांना समजेल अशा साध्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. केडगावच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. अखेरची मुद्रिते तपासून होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. श्रद्धा बदलली, परंतु मधल्या माणसाच्या अर्थावर न विसंबता मुळापर्यंत जाऊन वाचण्याचा हक्क त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. एवढेच नव्हे, तो हक्क त्यांनी दुसऱ्या स्त्रियांच्या हाती दिला.

७.५ समारोप

रमाबाईंचे चरित्र वाचताना त्यांना केवळ बंडखोर किंवा केवळ भक्त ठरवण्याची घाई करू नका. मतांविषयी शंका असतानाही त्या ख्रिस्ताच्या मार्गाने चालत राहिल्या, आणि श्रद्धा दृढ झाल्यावरही त्यांनी अभ्यास थांबवला नाही. संसार आणि नोकरी सांभाळून, बहुधा रात्री उशिरा, तुम्ही ही पुस्तिका वाचत असाल. शिक्षक समोर नसताना एकट्याने पाठ्यवस्तूला भिडणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. बालपणीच्या अनुभवांचा रमाबाईंच्या ग्रंथविषयक दृष्टीशी कोणता संबंध दिसतो, ते स्पष्ट करा.
२. क्रूसावरील लॅटिन शब्दांविषयीचा आक्षेप आणि बायबलचे साध्या मराठीतील भाषांतर यांतील समान सूत्र सांगा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या धार्मिक समूहाची घरची भाषा आणि उपासनेची भाषा यांचे निरीक्षण करून दहा ओळींत टिपण लिहा.