वैमानिक जे. आर. डी. टाटा

नाशिक फाट्यावरील दुमजली उड्डाणपुलास ज्यांचे नाव दिलेले आहे, ते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा आपणांस पिंपरीच्या मोटार कारखान्यामुळे परिचित आहेत. परंतु त्यांचे मन खरे रमले ते विमानात.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. मातोश्री सुझान ह्या फ्रेंच होत्या. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या समुद्रकाठी राहात असे, व तेथे शेजार होता लुई ब्लेरिओ यांचा. ब्लेरिओ यांनी २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडली. एवढा समुद्र सुखरूप पार झाला, आणि संकट आले ते डोव्हरच्या कुरणावर उतरताना! वारा उलटसुलट वाहात होता. सुमारे वीस मीटर उंचीवर त्यांनी इंजिन बंद केले, तोच विमान दाणकन् आदळून चाकांचा सांगाडा व पंखा मोडला. ते स्वतः मात्र बचावले.

लहान विमानांचे पुष्कळ अपघात आजही असेच घडतात. जमीन जवळ आली असता विमानाचे नाक हळूच उचलून वेग मारावयाचा असतो. हे लवकर केले तर विमान वरून धपकन् पडते. उशीर झाला तर चाके आपटून ते चेंडूसारखे उसळते. घाबरून नाक खाली दाबले, की दुसरा आघात पहिल्याहून भारी बसतो. अशा वेळी पुन्हा इंजिनास जोर देऊन वर निघून जाणे हेच शहाणपण. पण तेवढे भान राहावे कसे?

ही विद्या जहांगीरजी मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकले. गुरूबरोबर अवघे पावणेचार तास उडून ते एकटे आकाशात गेले! १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता एक. पुढल्या वर्षी आगाखान पारितोषिकासाठी ते कराचीहून इंग्लंडला निघाले. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर येथे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगांवाचून अडकलेला दिसला. त्यांनी आपल्याजवळचे प्लग त्यास दिले, आणि शर्यत अस्पीने जिंकली. हाच मुलगा पुढे भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून त्यांनी कराचीची टपाल अहमदाबादमार्गे जुहूस आणली. बिनतारी यंत्र नव्हते. जुहूचे मैदान समुद्रालगतचे व चिखलाचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, तेव्हा सारे बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. ह्या टपालसेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली.

१९३६ साली धाकटे बंधू जमशेद विमान अपघातात मरण पावले. ज्या छंदाने घरचा तरुण मुलगा हिरावला, तो सोडावा असे कोणासही वाटले असते. त्यांनी तो सोडला नाही.

टेल्कोचे काम पुण्यास १९६६ पासून वाढू लागले, तेव्हा त्या कंपनीचे अध्यक्ष तेच होते. १९७८ साली सरकारने त्यांस एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. त्यानंतर चार वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जहांगीरजी लेपर्ड मॉथ ह्या जुन्या छोट्या विमानात एकटे बसून कराचीहून निघाले आणि मुंबईच्या जमिनीवर सुखरूप उतरले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.